ठेव आणि मालकी

माणूस एखाद्या वस्तूचा मालक कशाने होतो, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आहे. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली, की मालकी सिद्ध झाली. यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कुणीही म्हणेल. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण घरातले सोनेनाणे पाटावर मांडतो, त्याला हळदकुंकू वाहतो, तेव्हा ते आपले आहे याविषयी आपल्या मनात शंका नसते. परंतु त्याच पाटावर एखादी आजीची नथ असते. ती नथ आईची म्हणावी, आजीची म्हणावी, की उद्या जिच्या नाकात ती जाणार त्या सुनेची म्हणावी? पावती तर कुणाजवळच नसते. प्रत्येक घरात अशा काही वस्तू असतात की ज्यांच्यापुढे 'माझे' हा शब्द उच्चारताना जीभ किंचित अडखळते. मला आज या अडखळण्याविषयीच लिहायचे आहे. त्यासाठी उदाहरण मात्र मी नथीचे घेणार नाही. मी घेणार आहे एक अतिशय महाग, अतिशय गुंतागुंतीचे आणि, खरे सांगायचे तर, अतिशय अनावश्यक असे मनगटी घड्याळ.

या घड्याळाला इंग्रजीत पर्पेच्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफ म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण गोष्ट समजायला कठीण नाही. साधे घड्याळ वेळ दाखवते. तारखेचे घड्याळ वेळ आणि तारीख दाखवते. पण ते बिचारे प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच समजते, म्हणून जून संपला की आपण चावीची कळ ओढून त्याला एक घर पुढे ढकलतो. पर्पेच्युअल कॅलेंडरला ही शिकवणी लागत नाही. एप्रिल ३० दिवसांचा, मे ३१ दिवसांचा, फेब्रुवारी २८ दिवसांचा आणि दर चौथ्या वर्षी २९ दिवसांचा, हे सारे त्याच्या पोटात आधीच भरलेले असते. जुन्या पद्धतीच्या रचनेत एक लहानशी चकती चार वर्षांत एक फेरा पुरा करते. तिच्या कडेला अठ्ठेचाळीस महिन्यांच्या हिशेबाने खाचा कापलेल्या असतात. तीस दिवसांच्या महिन्यासाठी उथळ खाच, फेब्रुवारीसाठी खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीसाठी त्याहून केसभर कमी खोल. एक पोलादी बोट त्या कडेवरून फिरत राहते, खाच किती खोल आहे ते चाचपते, आणि महिनाअखेरीस तारखेचे चाक किती घरे पुढे ढकलायचे ते ठरवते. आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा ओळखावा, तसा हा प्रकार आहे. यात वीज नाही, गणकयंत्र नाही. चार वर्षांची स्मृती धातूच्या एका चकतीत कोरून ठेवलेली, एवढेच.

अशा कालगणनेचे खिशातले घड्याळ टॉमस मज या इंग्रज कारागिराने १७६२ साली केले होते. ही रचना मनगटावर बसेल इतकी लहान व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या कंपनीने त्या वर्षी स्त्रियांच्या लॉकेटवजा घड्याळासाठी १८९८ साली केलेले एक यंत्र घेतले आणि ते मनगटी घड्याळात बसवले. पुढे १९४१ साली, युरोप महायुद्धात जळत असताना, याच कंपनीने आणखी एक धाडस केले. पर्पेच्युअल कॅलेंडरला तिने क्रोनोग्राफाची जोड दिली. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. बाजूची कळ दाबली की एक स्वतंत्र काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. ही दोन्ही यंत्रे एका पोटात घालून नेमाने तयार केलेले ते पहिले मनगटी घड्याळ. त्याचा क्रमांक १५१८. व्यास अवघा ३५ मिलिमीटर. बाराच्या आकड्याखाली दोन लहान खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना. सहाच्या जागी चंद्राच्या कला आणि त्यांच्याभोवती तारीख. १९५४ च्या सुमारास ते बंद झाले तोवर त्याचे एकंदर २८१ नग निघाले. त्याच्या पाठीवर आलेला २४९९ हा क्रमांक १९५१ पासून १९८५ पर्यंत चालला आणि चौतीस वर्षांत त्याचे नग झाले ३४९. म्हणजे वर्षाला सरासरी दहा. आपल्याकडे एखाद्या गावातला सोनार वर्षाला याहून अधिक मंगळसूत्रे घडवतो.

वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात या ठिकाणी एक मिस्किल विचार येऊन गेला असेल. यात एवढे कौतुक कसले? आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका हे सगळे सांगते, वर एकादशी, संकष्टी, सूर्योदय आणि दुधाचा हिशेब सांगते. विचार खोटा नाही. या स्विस घड्याळाचे ज्ञान आपल्या पंचांगाच्या तुलनेत तोकडेच आहे. चंद्राचा एक फेरा २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा. नेहमीच्या रचनेतले घड्याळातले चंद्राचे चाक ५९ दात्यांचे असते. दोन चांद्रमासांना ५९ दिवस धरून ते चालते आणि वरची ४४ मिनिटे सोडून देते. त्यामुळे पावणेतीन वर्षांच्या आत घड्याळातला चंद्र आकाशातल्या चंद्राहून एक दिवस निराळा पडतो. आपला पंचांगकर्ता मात्र पळे आणि विपळेही सोडत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे पडते, म्हणून तो बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. कधी क्वचित एखादा महिना गाळावाही लागतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी असे क्षयमास येऊन गेले. हे सगळे खाचांच्या एका चकतीत बसवायचे म्हणजे त्या पोलादी बोटाला वेड लागेल.

पण या तुलनेत एक महत्त्वाचा फरक राहून जातो. दारामागची दिनदर्शिका डिसेंबर संपला की आपण उतरवतो आणि तिची पाने वह्यांना कव्हरे घालायला घेतो. तिचा आणि आपला संबंध एका वर्षाचा. या घड्याळाने मात्र एकाहून अधिक पिढ्यांचा करार केलेला आहे. त्या करारात एक गंमत आहे. १५८२ साली पोप ग्रेगरीने कालगणना सुधारली तेव्हा असे ठरले, की शतकाच्या अखेरचे वर्ष चारशेने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष मानायचे. (ही सुधारणा इंग्रजांनी १७५२ साली स्वीकारली, म्हणून मुंबईतल्या कुंपणी सरकारच्या दप्तरातही त्या साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उगवला.) २००० हे लीप वर्ष होते. २१०० असणार नाही. चार वर्षांच्या चकतीला मात्र शंभर वर्षांचा हा नियम ठाऊक नाही. २१०० साली २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री जगातली बहुतेक सगळी पर्पेच्युअल घड्याळे २९ तारीख दाखवतील, आणि कुणा माणसाला त्यांना हात लावून १ मार्चवर आणावे लागेल. ज्याला आपण अखंड म्हणतो, तेही शेवटी माणसाच्या एका बोटासाठी थांबून राहिलेले असते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढे ती उपयोगी पडेल.

आता पैशाकडे वळू, कारण या घड्याळांची चर्चा जगात होते ती मुख्यतः पैशासाठी. १५१८ चे बहुतेक नग सोन्याचे आहेत. पोलादाचे अवघे चार ज्ञात आहेत. त्यांतला एक २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेला आणि तोच २०२५ साली पुन्हा लिलावात आला तेव्हा १ कोटी ४१ लाखांच्या वर चढला. म्हणजे त्याच यंत्राचे सोन्यातले भावंड पोलादातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त! सोने स्वस्त आणि लोखंड महाग, हे ऐकून आपल्या सराफाला घेरी यावी. इजिप्तचा राजा फारूक याच्याजवळही एक १५१८ होते, पाठीवर राजमुकुट आणि त्याचे आद्याक्षर कोरलेले. १९५२ साली त्याचे सिंहासन गेले. घड्याळ मात्र राहिले, आणि २०२१ साली दुबईच्या लिलावात ते ९ लाख डॉलरांच्या वर गेले. २४९९ चे प्लॅटिनममधले दोनच नग केले गेले. एक कंपनीच्या संग्रहालयात आहे, दुसरा एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाने बाळगला होता, तो २०१२ साली ३४ लाख फ्रँकला विकला गेला. या आकड्यांत घड्याळाची उपयुक्तता कुठेच नाही. लोखंडाची किंमत वाढली ती लोखंडामुळे नव्हे. दुसऱ्याजवळ ते नाही म्हणून वाढली. आपण हौसेला मोल नाही असे म्हणतो. इथे हौसेचे मोल तर आहेच, शिवाय ते मोल शेजाऱ्याच्या रित्या हाताने ठरते.

या छंदावर पहिला आक्षेप कोणता येईल, हे सांगायला नको. एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, किती जणांच्या शस्त्रक्रिया झाल्या असत्या! हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याला तो कधीच सुचत नाही त्या माणसाची मला भीती वाटते. परंतु तो एकदा हाती घेतला की कुठे थांबवायचा हे कळत नाही. तो पैठणीला लागू पडतो, लग्नातल्या पंक्तीला लागू पडतो, सतारीला लागू पडतो आणि तुम्ही हातात धरलेल्या या दिवाळी अंकालाही लागू पडतो. माणसाने केवळ गरजेपुरते जगायचे ठरवले तर त्याला पोट राहील, पण हात राहणार नाहीत. कारण हातांची सगळी कसबे गरजेच्या पलीकडच्या प्रदेशात वाढलेली आहेत.

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. तो पैशाविषयी नसून घड्याळाविषयीच आहे. ही जुनी घड्याळे हाताने चावी द्यायची असतात. एकदा पुरी चावी दिली की ती जेमतेम दोन दिवस चालतात. संग्राहकाजवळ अशी दहा-वीस घड्याळे असली म्हणजे रोज प्रत्येकाला चावी देणे होत नाही. शिवाय चालवले की यंत्र झिजते, आणि झिजले की भाव उतरतो. म्हणून ती तिजोरीत जातात, किंवा जिनिव्हाच्या जकातमुक्त गोदामांसारख्या ठिकाणी जिथे चित्रे, दारू आणि मौल्यवान वस्तू वर्षानुवर्षे अंधारात पडून असतात तिथे जाऊन बसतात. तिथे दोन दिवसांनी त्यांचा श्वास थांबतो. जे यंत्र २१०० सालापर्यंतचा प्रत्येक दिवस ओळखते, त्याला आजचा वार माहीत नसतो.

माझे एक महाविद्यालयीन दिवसांपासूनचे स्नेही आहेत. पुण्याजवळ त्यांचा यंत्राचे सुटे भाग कातण्याचा लहानसा कारखाना होता. हजाराव्या मिलिमीटरची भाषा बोलण्यात त्यांचा जन्म गेला. साठी झाली तेव्हा त्यांनी परदेशातून असले एक घड्याळ आणले, २४९९ नंतरच्या पिढीतले, पिवळ्या सोन्याचे. घरी किंमत कळली त्या दिवशी वहिनी एवढेच म्हणाल्या, "यात दोन खोल्यांची जागा आली असती," आणि आत निघून गेल्या. घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये गेले. वर्षातून दोन-तीनदा स्नेही जाऊन ते पाहून येतात. मागच्या पाडव्याच्या आसपास मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पेटी उघडली, तर तबकडीवर जुलै महिन्यातला मंगळवार होता.

"शेवटची चावी त्या दिवशी दिलेली," ते म्हणाले.

"मग आता तारीख लाव की."

"नको रे. लावायची म्हणजे त्या बारीक कळा एकेक करून दाबत बसायचे. आणि परवा पुन्हा थांबायचेच आहे."

त्यांनी ते मऊ फडक्याने पुसले, कानाशी नेले आणि न चालणाऱ्या घड्याळाचा आवाज क्षणभर ऐकला. या माणसाला मी लोभी म्हणू शकत नाही. त्यांच्या डोळ्यांत मला त्या वेळी मोठेपणाची हाव दिसली नाही. एका कारागिराला दुसऱ्या कारागिराविषयी जो आदर वाटतो, तो दिसला. आणि तरीही पेटी बंद होताना मला वाटले, की हे घड्याळ कुणाचेच नाही.

संग्राहक आपल्या बाजूने काय म्हणतात, तेही ऐकले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही आहोत म्हणून ही विद्या जिवंत आहे. यात पुष्कळ तथ्य आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढले. थोड्याच वर्षांत असे झाले, की बॅटरीवरचे स्वस्त घड्याळ जिनिव्हाच्या उत्तम यंत्राहून अचूक चालू लागले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातली माणसे सुमारे ९० हजारांवरून दीड दशकात तिसाच्या घरात आली. आपल्या बंगळूरच्या एचएमटीचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि तीही घड्याळे २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला. माझ्या वडिलांच्या मनगटावर तेच होते. अशा पडत्या काळात यंत्राच्या घड्याळाला ज्यांनी पैसे मोजले, त्यांनी त्या कसबाला भाकर दिली, हे नाकारता येत नाही.

याच काळातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. ले लोकल नावाच्या गावी झेनिथ कंपनीचा कारखाना आहे. तिने १९६९ साली एल प्रिमेरो नावाचे एक उत्कृष्ट क्रोनोग्राफ यंत्र काढले होते. पुढे कंपनी अमेरिकन मालकांच्या हाती गेली, आणि १९७५ साली त्यांचा हुकूम आला, की यंत्राची घड्याळे बंद. साचे, हत्यारे, सगळे मोडीत काढा. शार्ल व्हर्मो नावाचा तिथला एक फोरमन होता. त्याने विनंती केली, ती मानली गेली नाही. तेव्हा तो एकेक हत्यार, एकेक साचा उचलून कारखान्याच्या माळ्यावर नेऊ लागला. प्रत्येकावर चिठ्ठी लावली, काम कसे करायचे ते वहीत लिहून ठेवले, आणि सगळे दृष्टीआड करून टाकले. दहाएक वर्षांनी दिवस पालटले, मालक पालटले, आणि ते यंत्र पुन्हा करायचे ठरले, तेव्हा व्हर्मोने माळ्याकडे बोट दाखवले. त्या हत्यारांतले एकही त्याच्या मालकीचे नव्हते. उलट ज्यांच्या मालकीची ती होती, त्यांनी ती नष्ट करण्याचा लेखी हुकूम दिला होता. मला विचाराल तर त्या दहा वर्षांत त्या हत्यारांचा खरा धनी एकच होता, आणि त्याच्याजवळ पावती नव्हती.

इथे मला आपल्या भाषेची मदत घ्यावीशी वाटते. मराठीत 'ठेवणे' या एकाच क्रियापदापासून 'ठेवा' आणि 'ठेव' हे दोन शब्द निघाले. ठेवा म्हणजे माझा खजिना. ठेव म्हणजे दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने माझ्याजवळ राहिलेली, मागितली की परत करायची. एका कान्याचा फरक. पण सगळी नीती त्या कान्यात आहे. गंमत अशी, की घड्याळे विकणाऱ्यांनाही ही गोष्ट उमगलेली आहे. १९९६ सालापासून पाटेक फिलिपने जी जाहिरात चालवली, तिचा आशय असा, की हे घड्याळ तुमच्या मालकीचे कधीच होत नसते, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी सांभाळत असता. ठेव्याची किंमत घेऊन ठेव म्हणून विकायचे, यात व्यापाराची चतुराई आहे. पण चतुराईने सांगितले म्हणून सत्य खोटे ठरत नाही. फक्त ते आपल्याला घासून घ्यावे लागते.

गांधीजींनी श्रीमंतांना हेच सांगितले होते: तुमची संपत्ती तुमची नाही, तुम्ही तिचे विश्वस्त आहात. त्यांच्या कमरेला एक खिशातले घड्याळ लटकत असे, आणि मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाला ते रोज लागत असे. ते झेनिथ घड्याळ, चष्मा, वहाणा आणि ताटवाटी मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली आणि उद्योगपती विजय मल्ल्या यांनी ती १८ लाख डॉलरला घेतली. अपरिग्रह शिकवणाऱ्याच्या वस्तूंना परिग्रहाच्या बाजारात एवढा भाव यावा, यावर हसावे की उसासा टाकावा, हे मला ठरवता येत नाही. एवढे खरे, की त्यांच्याजवळ होते तोवर ते घड्याळ फक्त घड्याळ होते, आणि चालत होते.

तर मग ठेव कोणती आणि ठेवा कोणता, हे ओळखायचे कसे? मी स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले आहेत. पहिला: या वस्तूचा भाव उद्या शून्य झाला, तरी मी ती सांभाळीन का? दुसरा: ती माझ्याजवळ आहे हे कुणालाही कधीच कळणार नसेल, तरी मी ती सांभाळीन का? तिसरा: माझे हात धड आहेत, तोवरच ती पुढच्या हाती देण्याची माझी तयारी आहे का? व्हर्मो तिन्ही कसोट्यांना उतरतो. त्याच्या हत्यारांना मोडीपलीकडे भाव नव्हता, माळ्याविषयी गाजावाजा नव्हता, आणि वेळ येताच त्याने सगळे देऊन टाकले. माझे स्नेही पहिल्या दोन्हींत उतरतात. त्यांनी ते घड्याळ चारचौघांत कधी मिरवले नाही, आणि दाते कापण्याच्या ज्या सफाईसाठी त्यांनी ते घेतले, तिला बाजारभावाशी देणेघेणे नाही. ते अडले तिसऱ्यापाशी.

त्यांना दोन मुली. मृत्युपत्र करण्याची वेळ आली तेव्हा बाकी सगळ्याचे दोन भाग झाले, पण घड्याळाचे कसे करायचे? त्यांनी योजले होते ते असे, की आपल्यामागे ते विकावे आणि पैसे निम्मे निम्मे घ्यावेत. हिशेबात चूक नव्हती. त्या चर्चेला मीही हजर होतो. थोरली म्हणाली, "बाबा, पैसेच द्यायचे असतील तर आत्ताच विका आणि आईच्या मनासारखी जागा घ्या. मेल्यावर विकण्यासाठी सांभाळणे, हे काय सांभाळणे झाले?" स्नेही गप्प राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले, की नेमके वर्मावर बोट पडले आहे. तेव्हा धाकटी म्हणाली, "नाहीतर गणपतीसारखी पाळी लावू. दोन वर्षे ताईकडे, दोन वर्षे माझ्याकडे. पण लॉकरमध्ये नाही, हातात. आणि चावी कशी द्यायची, तारीख कशी लावायची, ते बाबा, तुम्ही आम्हांला शिकवायचे, आत्ता."

कोकणातल्या जुन्या घरांत ही पाळीची पद्धत अजून आहे. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, जमिनीचे तुकडे पडले. पण देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचे तुकडे होत नाहीत. तो पाळीने फिरतो. ज्याच्याकडे पाळी, त्याने पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि वर्ष संपले की दुसऱ्याच्या हाती द्यायचा. त्या घरांत कुणी बाळकृष्णाचा मालक नसतो, आणि म्हणूनच तो कुणाच्या लॉकरमध्ये झोपत नाही. मालकीच्या वाटण्या कशा करायच्या, हे कायदा सांगतो. सांभाळाची वाटणी कशी करावी, हे मात्र आपल्याला आधीपासून ठाऊक होते.

त्या संध्याकाळी निर्णय झाला नाही. असे निर्णय एका बैठकीत होत नसतात. "घासले, पडले, चोरीला गेले तर?" हे स्नेह्यांचे भय खोटे नव्हते. वापरातली वस्तू झिजणारच, आणि बाजाराच्या दृष्टीने प्रत्येक ओरखडा म्हणजे काही हजारांचे नुकसान. पण माझ्या वडिलांच्या त्या एचएमटीकडे पाहून मला वाटते, की ओरखडा हाही एक प्रकारचा हिशेब आहे. सकाळी पूजा आटोपली की ते उभ्या उभ्या चावी देत, मीही देतो. त्याची काच धुरकट झाली आहे आणि बाजारात त्याला कुणी चहाचे पैसेही देणार नाही. ते चालते, कारण रोज कुणीतरी त्याला हात लावतो. त्याहून अधिक मालकी मला करता येत नाही, आणि त्याहून कमी केली तर ते थांबेल.

काही महिन्यांनंतर धाकटीचा मला फोन आला. "काका, बाबांनी परवा घड्याळ घरी आणले. दोन तास आम्हांला कळा दाबायला शिकवले. रात्री नऊ-दहानंतर तारखेला हात लावायचा नाही म्हणे. त्या वेळी आतली चाके महिना मोजत असतात." तिच्या आवाजात जे होते, ते कुठल्याही लिलावात विकत मिळणारे नव्हते. आणि वहिनी? "आईने विचारले, यात संकष्टी कळते का. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग भिंतीवरचे काढू नका."

आता ती २१०० सालची गोष्ट. यंदा या महाराष्ट्रात जन्माला आलेले मूल त्या वेळी पंचाहत्तरीच्या आसपास असेल. ज्या कुणाच्या हाती असली घड्याळे तेव्हा असतील, त्याला त्या फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री एक तारीख हाताने पुढे न्यावी लागेल. राजा फारूक त्या वेळी नसेल, लिलावात हात वर करणारे आजचे धनिक नसतील, माझे स्नेही नसतील आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकीही फार थोडे असतील. यंत्राने आपले काम चोख केलेले असेल. उरलेला एक दिवस माणसाचा. तो दिवस पुढे सरकवायला ज्याचे बोट तिथे असेल, आणि ती कळ कुठे आहे हे ज्याला कुणीतरी आधी शिकवून ठेवले असेल, त्या क्षणापुरता तो त्या घड्याळाचा धनी.